पंखा पुसण्याआधी मेन बंद करा

 

घट बसायच्या आधी आपल्याकडे दसरा काढतात. वाकळा-गोधड्या ओढ्यावर जातात, डबे-भांडी खाली येतात, भिंतीची जाळी निघतात. सगळं झालं की शेवटी नजर वर जाते ती पंख्याकडे. वर्षभराची काळी धूळ त्याच्या पात्यांवर बसलेली असते. मग कुणीतरी कॉटवर स्टूल ठेवतं, ओलं फडकं घेतं आणि वर चढतं. हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाईच असते. म्हणून आजचा विषय तुमच्या-माझ्या कामाचा आहे. पंखा साफ कसा करायचा, आणि पंख्यात पाणी गेलं तर काय करायचं.

आधी माझीच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी दसरा काढताना मी हेच केलं. नुकतीच फरशी धुतली होती. त्या ओल्या फरशीवर लोखंडी कॉट, कॉटवर लोखंडी स्टूल, स्टुलावर अनवाणी मी. पंख्याचं बटण बंद केलं होतं, ते मला चांगलं आठवतं. पाती पुसली. मग वाटलं, वरची वाटी पण पुसून घेऊ. छताजवळ दांड्याला जी वाटी असते, जिच्या आत वायरींचा जोड असतो, ती. फडकं पाण्यात बुडवलं आणि नीट न पिळताच वर नेलं. पुढचं मला एवढंच माहीत आहे की मी खाली पडले होते आणि डावं मनगट भलतीकडे वळलेलं होतं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

सासूबाई म्हणाल्या, "वाचलीस हेच नशीब." सगळे तेच म्हणाले. पण मला प्रश्न पडला होता की बटण बंद असताना शॉक लागलाच कसा? नंतर वायरमनला बोलावलं तेव्हा उत्तर मिळालं. घर बांधताना ज्यानं वायरिंग केलं, त्यानं पंख्याचं बटण चुकीच्या वायरीवर बसवलं होतं. मी बी.ए. झालेली बाई, गावोगावच्या गटांच्या वह्या तपासते, हिशेबातली चूक एका नजरेत पकडते. पण माझ्याच घरातलं बटण काय बंद करतं आणि काय चालू ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे सांगते आहे.

बटण बंद, तरी वीज चालू

पंख्याला दोन वायरी जातात. एक फेज आणि एक न्यूट्रल. फेजमधून वीज येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची असते, आणि मारते ती फेज.

हे नळासारखं समजा. टाकीतून पाइप येतो. टाकीजवळचा कॉक बंद केला तर पुढचा सगळा पाइप रिकामा राहतो. पण कॉक पाइपच्या शेवटच्या टोकाला असेल, तर तो बंद केल्यावर पाणी वाहायचं थांबतं, पाइप मात्र भरलेलाच राहतो. त्याला भोक पडलं की पाणी बाहेर येणारच.

बटणाचंही असंच आहे. बटण फेजच्या वायरीवर असेल तर ते बंद केल्यावर पंख्यात वीज राहत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर असेल तर पंखा थांबतो, पण आतपर्यंत वीज भरलेली असते. वरून बघून दोन्ही सारखंच दिसतं, पंखा बंदच. माझ्या घरी हेच झालं होतं. ओलं फडकं वाटीतल्या जोडाला लागलं आणि विजेला माझ्या हातातून, ओल्या पायांतून आणि लोखंडी कॉटमधून जमिनीकडे जायला वाट मिळाली.

म्हणून पहिला नियम. पंख्याला हात लावायचा असेल तर नुसतं बटण पुरत नाही. मेन स्विच बंद करायचा. मीटरजवळ जो मोठा स्विच असतो, तो.

यात आपल्या आणखी तीन सवयी आड येतात, त्याही सांगते.

पहिली सवय म्हणजे "लाइट गेलीये तोवर पुसून घेऊ." आपल्याकडे लाइट जाते आणि न सांगता येते. तुमचा हात वाटीत असताना ती आली तर? लाइट गेलेली असली तरी मेन बंद करूनच चढायचं.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. आता बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आहे. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो आपोआप चालू होऊन पंख्याला वीज देतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी तोही बंद करायचा. पंखा कुठून चालतो हे माहीत नसेल तर दोन्ही बंद करून पंख्याचं आणि दिव्याचं बटण दाबून बघा. काहीच चालू झालं नाही तरच पुढचं काम.

तिसरी गोष्ट म्हणजे घरातली माणसं. आपण वर चढलेलो असतो आणि कुणीतरी येऊन म्हणतं, "मेन कुणी बंद केला?" आणि खटकन वर करतं. म्हणून मेनवर कागद चिकटवा, "काम चालू आहे, हात लावू नये." लहान मुलांना आधी सांगून ठेवा. जुन्या घरात काढता येणारे फ्यूज असतात. मेन बंद केल्यावर तो फ्यूज काढून कमरेच्या पिशवीत ठेवला तर आणखी चांगलं.

किती वीज माणसाला पुरे होते?

आपल्याला वाटतं, पंखा काय, लहानसं यंत्र आहे. पिठाची गिरणी किंवा विहिरीवरची मोटर मारेल, पंखा काय मारणार? थोडा हिशेब करून बघू.

छताचा साधा पंखा साधारण 75 वॅटचा असतो. तो 230 व्होल्टवर चालतो तेव्हा त्याच्यातून सुमारे 330 मिलिअँपिअर वीज वाहते. आता माणसाचं बघा. एक मिलिअँपिअरला नुसत्या झिणझिण्या येतात. दहाच्या वर गेलं की हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या वर गेलं की जिवाला धोका सुरू होतो, श्वास अडकू शकतो. पुढे हृदयाची लय बिघडते. म्हणजे पंखा फिरवायला जेवढी वीज लागते, तिच्या दहाव्या हिश्श्यातही माणूस दगावू शकतो.

आणि पाणी हे सगळं वाढवतं. कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. तीच कातडी ओली झाली, घामानं किंवा पाण्यानं, की ती अडवणूक कितीतरी पटीनं कमी होते. आपलं विहिरीचं, बोअरचं पाणी क्षारांचं असतं, त्यातून वीज सहज जाते. म्हणून एकच वायर कोरड्या हाताला चटका देते आणि ओल्या हाताचा जीव घेते.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे, ती पडेल की," असं काही जणी म्हणतात. एमसीबी किंवा फ्यूज वायरींना वाचवायला असतात. सहा किंवा दहा अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढली गेली की त्या पडतात. आपल्या अंगातून त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढी वीज गेली तर एमसीबीला ते कळतही नाही. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं असतं, ते पुढे सांगते.

छताचा पंखा पुसायची रीत

आता प्रत्यक्ष काम. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, पंखा पूर्ण थांबलेला. हे झाल्यावर पुढचं.

चढायला लाकडी शिडी किंवा लाकडी घोडा घ्या. कॉटवर स्टूल, ड्रमवर पाट असले खेळ नकोत. लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या शिडीतून वीज जाते, हेही लक्षात ठेवा. फरशी कोरडी हवी. फरशी आधी धुवायची नाही, पंखा झाल्यावर धुवायची. एरवीही तेच सोयीचं, नाहीतर धूळ पुन्हा फरशीवरच पडते. पायात कोरडी रबरी चप्पल असू द्या, पण घसरणारी नको. पदर खोचून घ्या, केस बांधा, तोंडाला ओढणी किंवा रुमाल लावा. आणि शिडी धरायला कुणीतरी खाली हवंच. एकट्या असाल तर त्या दिवशी पंखा राहू द्या.

धूळ काढायला जुना उशीचा अभ्रा घ्या. तो पात्यावर पिशवीसारखा चढवायचा, दोन्ही हातांनी वरून-खालून दाबायचा आणि हळूहळू बाहेर ओढायचा. सगळी धूळ अभ्र्याच्या आत राहते, अंथरुणावर आणि डोळ्यांत पडत नाही. तिन्ही पाती अशी करा. मग अभ्रा बाहेर नेऊन झटका.

त्यानंतर हवं तर ओलसर फडकं. ओलसर म्हणजे साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं, ज्यातून एक थेंब गळत नाही असं. पातं एका हातानं खालून आधार देऊन धरायचं आणि दुसऱ्या हातानं पुसायचं. जोर लावला तर पातं वाकतं, आणि वाकलेल्या पात्याचा पंखा फिरताना डुलतो, आवाज करतो. लगेच कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसा.

ओलं फडकं फक्त पात्यांना. मधला गोल डबा म्हणजे मोटर, ती कोरड्या फडक्यानं किंवा रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशनं झाडायची. तिला हवा जायला फटी असतात. त्या धुळीनं बुजल्या की मोटर तापते आणि पंखा लवकर खराब होतो, म्हणून ब्रश जरूर फिरवा. वरची आणि खालची वाटी बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, सरकवू नका. तिच्या आत वायरींचे जोड आणि कंडेन्सर असतो. कंडेन्सर वीज साठवतो, मेन बंद केल्यावरही थोडी शिल्लक राहू शकते. तो वायरमननंच बघायचा.

चुलीच्या किंवा गॅसच्या खोलीतला पंखा तेलकट असतो. तिथं खायचा सोडा आणि भांड्याचा साबण कोमट पाण्यात घालून त्याचं पिळलेलं फडकं वापरा. रॉकेलनं किंवा पेट्रोलनं पुसू नका. मोटरजवळ त्याची वाफ साठते, आणि एक ठिणगी पुरते.

सगळं झालं की अर्धा तास तसंच राहू द्या. मग खाली उतरून, हात कोरडे करून मेन चालू करा आणि पंखा आधी कमी वेगावर फिरवून बघा.

टेबल फॅन

टेबल फॅन सोपा वाटतो, म्हणून तिथं जास्त निष्काळजीपणा होतो. पहिलं काम म्हणजे पिन बोर्डातून बाहेर काढायची. वायर ओढून नाही, पिन धरून. पिन बाहेर आली की काळजी मिटली.

पुढची जाळी काढा. पात्याच्या मध्यभागी एक गोल प्लॅस्टिकचा नट असतो. तो नेहमीसारखा डावीकडे फिरवला तर आणखी घट्ट होतो आणि आपण जोर लावून तो तोडतो. बहुतेक टेबल फॅनना तो नट उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेनं फिरवला की सुटतो. बसवताना त्याच्या उलट.

जाळ्या आणि पातं खुशाल साबणाच्या पाण्यानं धुवा. पण वाळवताना पूर्ण वाळू द्या, जाळीच्या सांध्यात पाणी राहतं. मागची मोटर, बटणांची पेटी आणि वायर यांना पाणी लावायचं नाही. मी काही घरांत अंगणात नळाखाली धरून अख्खा टेबल फॅन धुतलेला पाहिला आहे. तसा पंखा वरून वाळतो, आतली तांब्याची तार आणि बटणं ओलीच राहतात.

वायर नीट तपासायची वेळही हीच. उंदरानं कुरतडलेली, चिकटपट्टी लावलेली, पिनेजवळ वाकून तडा गेलेली वायर बदलून घ्या. पिनेशिवाय नुसत्या दोन तारा बोर्डात खोचून, काडीनं दाबून पंखा चालवणं तर आजच बंद करा.

पंख्यात पाणी गेलं तर

पाणी तीन तऱ्हांनी जातं. सांडून, गळून आणि पुरात.

सांडलेलं पाणी. मुलानं तांब्या लवंडला, पावसाची झड खिडकीतून आली. पंखा चालू असेल तर ओल्या हातानं पिन ओढायला जाऊ नका. पायाखाली पाणी असेल तर आधी कोरड्या जागेवर जा आणि मेन बंद करा. मगच पिन काढा. पंखा पुसून, जाळी उघडून, हवेशीर जागी दोन-तीन दिवस वाळू द्या. चुलीजवळ ठेवायचा नाही, आतलं प्लॅस्टिक आणि तारेवरचं वार्निश वितळतं. "चालतोय का बघू" म्हणून मधेच लावून बघायचा नाही. बहुतेक अपघात या बघू-बघूमध्येच होतात. वाळल्यावरही आधी वायरमनला दाखवा, मग लावा.

गळणारं पाणी. पावसाळ्यात स्लॅब झिरपतो आणि पाणी बरोबर पंख्याच्या हुकातून दांड्यावर उतरतं, कारण तिथं स्लॅबला भोक असतं. आपण काय करतो? खाली बादली ठेवतो आणि पंखा चालूच. तसं करू नका. वायरींचे पाइप स्लॅबच्या पोटातून जातात, त्यात शिरलेलं पाणी थेट भिंतीवरच्या बोर्डात उतरतं. छताला ओल दिसली की त्या खोलीची वीज बंद करून पंखा थांबवायचा. आधी गळती काढायची, मग वायरमनकडून तपासून घ्यायचं. पत्र्याच्या घरात तर जास्त जपा. पत्र्याला उघडी वायर टेकली तर अख्खं घर विजेचं होतं. कपडे वाळत घालायची तार सर्व्हिस वायरीपासून लांब बांधा, आणि तारेऐवजी नायलॉनची दोरी वापरा.

पुराचं पाणी. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी तिकडे घराघरांत शिरलं. पाणी येणार असं कळलं की पाय कोरडे असतानाच मेन बंद करून बाहेर पडायचं. परत आल्यावर सगळ्यांना घाई असते, दिवा लावायची, पंखा लावून भिंती वाळवायची. पण मीटर, बोर्ड, पाइप सगळ्यांत गाळ आणि पाणी असतं. साचलेल्या पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही. वायरमननं तपासल्याशिवाय मेन वर करायचा नाही. मीटर बुडालं असेल, तार खाली पडली असेल तर महावितरणला कळवायचं, 1912 हा तक्रारीचा नंबर आहे.

पुरात बुडालेला पंखा उन्हात वाळवून भागत नाही. गाळ बेअरिंगमध्ये जातो, ओल तारेच्या वेढ्यात राहते. दुरुस्तीवाला तो उघडतो, धुतो, वाळवतो आणि मेगर नावाच्या यंत्रानं बघतो की तारेची वीज बाहेरच्या लोखंडात झिरपते का. बेअरिंग आणि कंडेन्सर बहुधा बदलावा लागतो. रिमोटवर चालणारे नवे बीएलडीसी पंखे असतात, त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक प्लेट असते, ती पाण्यानं पटकन जाते. दुरुस्तीचा खर्च नव्या पंख्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर जुना राहू द्या. मन मोडतं, पण तो पंखा आपल्या लेकरांच्या डोक्यावर फिरणार असतो.

"थोडासा मारतो"

बैठकीत मी विचारते, तेव्हा हमखास एखादी ताई म्हणते, "आमचा कूलर थोडासा मारतो, पण आता सवय झालीय." पंखा मारतो, फ्रिज मारतो, पाण्याची मोटर मारते. थोडासा मारतो म्हणजे वीज बाहेर झिरपायला लागलेली आहे. आज तुमचे हात कोरडे होते म्हणून थोडासा. उद्या ओले असतील.

लोखंडी कूलरचं तर विशेष सांगते. पंखा, पाणी आणि लोखंडी डबा तिन्ही एकाच ठिकाणी. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं, लहान मुलं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. कूलरमध्ये पाणी भरताना, टाकी धुताना, गवताची जाळी बदलताना पिन काढलेलीच पाहिजे. आणि त्याची पिन तीन पायांचीच हवी.

तीन पायांच्या पिनेतला मोठा पाय अर्थिंगचा असतो. तो लांब असतो, म्हणजे तो आधी जोडला जातो आणि शेवटी सुटतो. वीज लोखंडी डब्यात उतरली तर तिला जमिनीत जायला तो सोपी वाट देतो, म्हणजे ती आपल्या अंगातून जात नाही. बोर्डात बसत नाही म्हणून तो मोडून टाकणं म्हणजे घराचं दार काढून ठेवण्यासारखं आहे. आणि नुसता तिसरा पाय असून चालत नाही, घराला खरं अर्थिंग केलेलं हवं. ते आहे का, हे वायरमनला विचारा.

आता ते माणसाला वाचवणारं यंत्र. त्याला आरसीसीबी म्हणतात, काही ठिकाणी ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम आपल्या गटाच्या खजिनदारासारखं आहे. फेजमधून जेवढी वीज गेली, तेवढीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. कमी आली, म्हणजे मधेच कुठंतरी गळाली, कदाचित कुणाच्या अंगातून. तीस मिलिअँपिअरचा फरक दिसला की ते क्षणार्धात सगळी वीज तोडतं. घरासाठी घेताना 30 मिलिअँपिअरचंच मागा. त्यावर टेस्ट असं लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. यंत्र पडलं म्हणजे चांगलं आहे. ते वारंवार पडायला लागलं तर कुणाचं ऐकून ते काढून टाकू नका. ते खोटं बोलत नसतं, घरात कुठंतरी गळती असते, ती शोधायची.

कुणाला शॉक लागलाच तर

हे पाठ करून ठेवा. शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आपलं लेकरू असलं तरी. हात लावला तर दोघंही चिकटतात. आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीनं किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीनं, कोरड्या पाटावर उभं राहून त्याला वायरीपासून बाजूला ढकला. ही गोष्ट घरातल्या विजेची. बाहेरची मोठी तार तुटून पडली असेल तर काठी घेऊनही जवळ जायचं नाही, लांब थांबून 1912 ला कळवायचं.

मग 108 ला फोन. माणूस हाक मारून उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला कठीण जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवून सरळ हातांनी दाबा. छाती पाच सेंटीमीटर खाली जाईल एवढं, आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्या कुणाला घ्या. काही ठिकाणी माणसाला मातीत पुरतात, तळपाय घासत बसतात. त्यानं काही होत नाही, फक्त वेळ जातो, आणि तीच मिनिटं महत्त्वाची असतात. माणूस उठून बसला, बोलला, तरीही दवाखान्यात न्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते, आणि बाहेरून लहान दिसणारा चटका आत खोल असतो.

पुढच्या बैठकीसाठी

माझं मनगट बरं झाल्यावर मी हा विषय आमच्या गटाच्या बैठकीत घेतला. पहिल्यांदा सगळ्या हसल्या, "ताई, हे पुरुषांचं काम." मी विचारलं, "पंखा कोण पुसतं? कूलरमध्ये पाणी कोण भरतं? पाण्याची मोटर कोण लावतं?" मग कुणी हसलं नाही. आम्ही ठरवलं की एकाच दिवशी वायरमनला बोलवायचं आणि सगळ्या घरांची बटणं तपासून घ्यायची. एकत्र बोलावल्यानं त्यानं पैसेही कमी घेतले. चार घरांत बटण न्यूट्रलवर निघालं. तिघींनी अंतर्गत कर्ज घेऊन आरसीसीबी बसवलं. चार घरांतल्या बायका माझ्यासारख्याच दसरा काढत होत्या, बटण बंद करून, निर्धास्त.

तुम्हीही हे करा. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पाच प्रश्न विचारा. आपल्या घराचा मेन कुठं आहे आणि तो मला बंद करता येतो का? पंख्याचं बटण फेजवर आहे का? अर्थिंग आहे का? आरसीसीबी आहे का? घरात "थोडासा मारणारी" वस्तू कुठली? उत्तरं वहीत लिहा. ज्या प्रश्नाला "माहीत नाही" आलं, तिथून सुरुवात करा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम नक्की करा. मेन स्विचजवळ जा, कोरड्या हातानं तो एकदा बंद करा आणि एकदा चालू करा. सासूबाईंना दाखवा, मुलीला दाखवा. घरातल्या प्रत्येक बाईचा हात तिथपर्यंत पोचला पाहिजे.

दसरा आनंदानं काढा, पंखेही लखलखीत करा. फक्त मेन बंद करून.